शिराझ की कॅबरने: खान्देशी ताटासोबत कोणती रेड वाइन?

जळगाव-धुळ्याकडं रेड वाइन आणायची ठरली की बहुतेक वेळा नाशिकच्या दोन प्रकारांवर चर्चा येते: शिराझ आणि कॅबरने सॉव्हिन्यॉं. माझं मत शिराझला, आणि ते ठाम आहे.

कारण आपलं तिखट. कॅबरनेच्या द्राक्षाची साल जाड, म्हणून टॅनिन भरपूर. तोंड कोरडं करणारा तुरटपणा त्याचाच. झणझणीत रश्शासोबत हा तुरटपणा आणखी टोचतो आणि अल्कोहोलमुळे मिरचीची आग भडकते. शेवभाजीबरोबर कॅबरने घेतली तेव्हा आमच्यातल्या बहुतेकांनी ग्लास अर्धाच सोडला. शिराझमध्ये मात्र मुळातच काळ्या मिरीची झाक असते, सोबत पिकलेल्या फळांची चव. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या काळ्या मसाल्याशी ती सुरेख जुळते. रस्सा मात्र थोडा बेताचाच तिखट ठेवा, कारण अल्कोहोल तिच्यातही आहेच.

कॅबरनेला वेगळं ताट द्या. कमी तिखट, चरबीचं भाजलेलं मटण असेल तर टॅनिन मवाळ लागतं. हिवाळ्यातलं भरीतही, हिरवी मिरची हात राखून घातलेली असेल तर! वांग्याचा धुरकट वास तिला शोभतो.

दोन्हींसाठी एक गोष्ट सारखी: रेड वाइन १६ ते १८ अंशांना चांगली लागते. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४० च्या वर जातो, तेव्हा बाटली आधी फ्रीजमध्ये ठेवाच. कोमट शिराझ मलाही आवडत नाही.