घरबसल्या बीएस्सी नर्सिंग देणारं डेक्कनचं ॲडमिशन सेंटर: 2 स्टार

सेंटरचं नाव लिहीत नाही, असली सेंटर्स पुण्यात जागोजागी आहेत आणि सगळ्यांचं बोलणं सारखंच. मी जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, प्रायव्हेट हॉस्पिटलला आयसीयूत स्टाफ नर्स. ड्युटी सांभाळून पदवी होते का बघायला गेले होते, सोबत नणंद. ती बँकेत आहे, बारीक अक्षरातलं आधी वाचते.

ऑफिस एकदम चकाचक, एसी, गेल्यागेल्या पाणी. जिन्यात "चपला ओळीत काढाव्यात, ढीग करू नये" अशी पाटी, म्हणजे मालक पुण्याचेच. पार्किंग नाही, गाडी लांब लावा नाहीतर उचलून नेतात.

काउन्सेलर सर बोलायला गोड, "मॅडम फक्त पेपरला यायचं, बाकी सगळं मोबाईलवर". क्लिनिकल पोस्टिंगचं, म्हणजे वेगवेगळ्या वॉर्डांतल्या प्रॅक्टिकलचं काय विचारलं तर म्हणे तुम्ही हॉस्पिटलमध्येच आहात ना, तिथलं लेटर आणा, तेच क्लिनिकल धरू. अहो आयसीयूत ड्युटी करून लेबर रूमचं आणि कम्युनिटीचं पोस्टिंग कसं होईल?

माहितीपत्रकावर नॅक ए प्लस, यूजीसी, आयएसओ असे शिक्के ओळीने. नणंदेने सरळ विचारलं की यात नर्सिंग कौन्सिल कुठेय. सर म्हणाले नॅक आलं म्हणजे सगळं आलंच. काही येत नाही हो. नॅक संस्थेचा दर्जा तपासतं, त्याने तुमची पदवी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरला चढत नाही. आपल्याकडे बघायचं ते कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिलची आणि राज्य कौन्सिलची मान्यता आहे का, आणि महाराष्ट्रातलं असेल तर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी संलग्न किंवा एखाद्या अभिमत विद्यापीठाचं आहे का. आणि मुळात यूजीसीच्या 2020 च्या नियमावलीत डिस्टन्स आणि ऑनलाइनला न चालणाऱ्या विषयांच्या यादीत नर्सिंग स्पष्ट लिहिलेलं आहे, मी मोबाईलवर काढून दाखवलं तर सर म्हणाले ते जुनं झालं. नवीन काय ते मात्र दाखवेनात.

मग इग्नू या मुक्त विद्यापीठाचं काय, असं विचाराल. त्यांचा पोस्ट बेसिक बीएस्सीचा, म्हणजे जीएनएमनंतरच्या पदवीचा कोर्स नोकरीतल्या नर्सेससाठी आहे, निदान 3 वर्षांचा, एंट्रन्स द्यावी लागते. बारावीनंतर जीएनएम केलेलं असेल तर कौन्सिलच्या रजिस्ट्रेशननंतर 2 वर्षांचा अनुभव, दहावीवर केलेलं असेल तर 5. पण घरबसल्या तोही नाही, पुस्तकं घरी आणि प्रॅक्टिकल सेंटरवर, हजेरी लागते, त्यामुळे इन्चार्ज सिस्टरशी रजेचं आधीच बोलून ठेवायचं. रेग्युलर पोस्ट बेसिक 2 वर्षांत होतं पण नोकरी सोडावी लागते नाहीतर बॉण्डवर हॉस्पिटल पाठवणार, तेवढी उदार हॉस्पिटलं मी तरी कमी पाहिली.

हे जमत नाहीसं बघून सरांनी अमेरिकेची फाइल काढली. तिकडे ऑनलाइन बीएसएन, म्हणजे तिकडची नर्सिंगची पदवी, खरंच असतं, खोटं नाही. पण आरएन टू बीएसएन हे आधीच लायसन्स असलेल्या नर्सेससाठी, बहुतेक ठिकाणी तिकडचंच लायसन्स मागतात, म्हणजे आपल्याला आधी एनक्लेक्स ही तिकडची लायसन्सची परीक्षा. तिकडे प्रोग्रामला सीसीएनई किंवा एसीईएन अशा नर्सिंग शिक्षण तपासणाऱ्या संस्थेचं ॲक्रेडिटेशन बघायचं आणि ते त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर शोधता येतं, फुकट. फाइलमधल्या युनिव्हर्सिटीवर सोनेरी शिक्का होता, त्याच्यावर अशा कोणत्याच संस्थेचं नाव नाही. विचारल्यावर सरांना एकदम फोन आला.

फीचं म्हणाल तर आकडा कागदावर द्यायला तयार नाहीत, आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा मग डिटेल्स. "दोनच सीट राहिल्यात" हेही झालंच. नणंद म्हणाली ऑनलाइनला सीट कसल्या संपतात!

एक स्टार पाणी-एसीला आणि दुसरा रिसेप्शनवरच्या मुलीला. झेरॉक्स काढायला म्हणून माझं मूळ जीएनएम सर्टिफिकेट आत नेलं होतं, सर म्हणाले ॲडमिशन होईपर्यंत राहू दे इथेच, तिने न बोलता आणून माझ्या हातात ठेवलं. जाणार असाल तर घरूनच झेरॉक्स काढून न्या, ओरिजिनल पर्समधून बाहेर काढूच नका.