एअर ड्रायरच्या नावाखाली झालेली फसवणूक : पावडर कोटिंगवाल्यांनी सावध राहावे

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचे पावडर कोटिंगचे, म्हणजे धातूच्या वस्तूंवर रंगाची पावडर फवारून ती भट्टीत पक्की करण्याचे छोटे युनिट आहे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही रेफ्रिजरेटेड पद्धतीचा, म्हणजे दाबलेली हवा थंड करून तिच्यातली वाफ काढणारा एअर ड्रायर बावन्न हजार रुपयांना विकत घेतला. तो हवा सुकवत तर नव्हताच, पण सुकवत असल्याचा आकडा दाखवण्याची सोय त्यात मुद्दाम करून ठेवलेली होती. ही लबाडी बाहेरून अजिबात दिसत नाही, त्यामुळे ती कशी केली जाते आणि यंत्राचे पॅनेल न उघडताही कशी ओळखता येते, हे तपशिलाने लिहीत आहे.

आमच्याकडे १० एचपीचा पिस्टन कॉम्प्रेसर आहे. पावसाळ्यात हवा २८ अंश सेल्सिअसची आणि ८५ टक्के आर्द्रतेची असली, तर तिच्या एका घनमीटरमध्ये साधारण २३ ग्रॅम वाफ असते. ७ बार दाबाला (वातावरणाचा १ बार धरून एकूण ८) अशी आठ घनमीटर हवा एका घनमीटरमध्ये कोंबली जाते, म्हणजे १८० ग्रॅमहून अधिक पाणी एकत्र येते. टाकीतली हवा ४० अंशांची धरली, तर त्यातले ५० ग्रॅमच्या आसपास वाफ म्हणून टिकते आणि उरलेले टाकीच्या तळाशी साचते. तळाचे पाणी ड्रेन कॉक उघडून काढता येते. त्रास देते ती हवेबरोबर पुढे जाणारी वाफ, कारण लाइनमध्ये हवा निवत जाईल तसतसे तिचे पाणी होते आणि ते पावडर फवारणाऱ्या गनपर्यंत पोहोचते. पावडर हॉपरमध्ये (पावडरच्या टाकीत) गोळे धरू लागते, गन मध्येच थुंकल्यासारखी पावडर टाकते आणि भट्टीतून निघालेल्या जॉबवर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात. असा जॉब रंग उतरवून पुन्हा करावा लागतो आणि त्याचा खर्च कोणतीही पार्टी देत नाही. चांगला रेफ्रिजरेटेड ड्रायर हवा ३ अंशांपर्यंत थंड करून दर घनमीटर दाबलेल्या हवेतली वाफ सहा ग्रॅमवर आणतो. आयएसओ ८५७३-१ या मानकात पाण्यासाठी चौथा वर्ग म्हणतात तो हाच.

विक्रेत्याने त्याच्या गोदामात प्रात्यक्षिक दाखवले. ड्रायरमधून आलेली हवा ब्लो गनने आरशावर सोडली आणि "साहेब, एक थेंब दिसतोय का बघा," असे म्हणत आरसा हातात दिला. आरसा खरोखरच कोरडा होता. मात्र या चाचणीने ड्रायरबद्दल काहीच सिद्ध होत नाही. वाफेने पूर्ण भरलेली ७ बारची हवा बाहेर सुटली की तिचे आकारमान आठपट होते आणि तिची आर्द्रता बारा-तेरा टक्क्यांवर उतरते. अशी हवा आरसा ओला करत नाही, उलट ओला आरसा वाळवते. हवेबरोबर पाण्याचे थेंबच वाहत असले तरच आरशावर डाग पडतात, आणि थेंब अडवायला साधा फिल्टरही पुरतो. आरसा किंवा पांढरा कागद दाखवून कोणी ड्रायर विकत असेल, तर तिथेच थांबावे.

आमच्या युनिटमध्ये बसवल्यानंतर ड्रायरच्या डिस्प्लेवर सतत ३ अंश दिसत होते, साचलेले पाणी आपोआप बाहेर सोडणारा ऑटो ड्रेन ठरावीक अंतराने वाजत होता, आणि तरीही गनमध्ये पाणी येतच होते. तक्रार केली की विक्रेता दोष कधी आमच्या पाइपलाइनला, कधी कॉम्प्रेसरच्या तेलाला, तर कधी पावडरला द्यायचा. अखेर फ्रिज आणि एसीची कामे करणाऱ्या एका माहीतगार मेकॅनिकला बोलावले. त्याने आधी ड्रायर बराच वेळ बंद ठेवायला सांगितला आणि मग चालू केला. बटण दाबताक्षणी डिस्प्लेवर ३ आले. बंद असलेले यंत्र भोवतीच्या हवेइतकेच गरम असते, त्यामुळे आकडा तिशीच्या आसपासून सुरू होऊन काही मिनिटांत हळूहळू खाली यायला हवा होता. पॅनेल उघडल्यावर कारण समोर आले. कंट्रोलरवर तापमानाचा सेन्सर जोडायच्या दोन टोकांना सेन्सरची वायर नव्हतीच; तिथे तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर डाख देऊन बसवला होता आणि त्यावर काळी टेप गुंडाळली होती. कंट्रोलर सेन्सरच्या विद्युत रोधावरून तापमान ठरवतो; अशा कंट्रोलरला जोडतात तो १० किलोओहमचा सेन्सर ३ अंशांना साधारण २५ ते २९ किलोओहम रोध दाखवतो, आणि नेमका त्याच मापाचा रेझिस्टर निवडला होता. रेफ्रिजरंट गॅसचा पत्ता नव्हता आणि गॅसच्या नळीवर जुना, गंजलेला जोड होता. नवी नावपट्टी काढल्यावर खाली दुसऱ्याच रंगाचा थर आणि जुन्या रिबिटांची भोके सापडली. हे सगळे जाणूनबुजून केलेले आहे, यात मला कोणतीही शंका वाटत नाही.

पॅनेल उघडण्याची मुभा नसेल, तर ड्रेनखाली बाटली ठेवावी. मिनिटाला एक घनमीटर, म्हणजे सुमारे ३५ सीएफएम (घनफूट प्रति मिनिट) हवा देणारा कॉम्प्रेसर पावसाळ्यात सलग चालला, तर वरच्या हिशेबाने ड्रायरच्या ड्रेनमधून तासाला ३०० मिलिलिटरच्या आसपास पाणी पडायला हवे. आमच्या ड्रेनमधून नुसती हवा फुसकत होती. बाटली कोरडी आणि डिस्प्लेवर ३ अंश, या दोन गोष्टी भर पावसाळ्यात एकत्र खऱ्या असू शकत नाहीत. ड्रायरच्या क्षमतेचा आकडाही कोणत्या तापमानाला दिला आहे, हे लेखी घ्यावे. आयएसओ ७१८३ नुसार तो सहसा ड्रायरमध्ये शिरणाऱ्या ३५ अंशांच्या हवेसाठी असतो. आफ्टरकूलर (दाबलेली हवा थंड करणारे उपकरण) नसलेल्या पिस्टन कॉम्प्रेसरची हवा याहून बरीच गरम येते आणि अस्सल ड्रायरही तिथे अपुरा पडतो.

आमच्या बिलावर फक्त "एअर युनिट" एवढेच लिहिले होते. मॉडेल, अनुक्रमांक, दवबिंदू (हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान) यांपैकी काहीच नव्हते. आमच्या वकिलांनी १९३० च्या मालविक्री कायद्यातील मालाच्या गुणवत्तेविषयीचे कलम १६ आणि भारतीय न्याय संहितेतील फसवणुकीचे कलम ३१८ यांच्या आधारे नोटीस पाठवली आहे. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः राबून वर्कशॉप चालवणाऱ्याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीही दाद मागता येते आणि १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ड्रायर आम्ही दुरुस्त केलेला नाही, रेझिस्टर जागच्या जागी ठेवला आहे आणि चालू करताक्षणी उमटणाऱ्या ३ अंशांचे चित्रीकरणही करून ठेवले आहे. ज्यांना आपल्या यंत्राबद्दल असाच संशय येत असेल, त्यांनी दोन साक्षीदारांसमोर आणि कॅमेरा चालू ठेवूनच पॅनेल उघडावे, कारण एकदा तार हलली की ती कोणी हलवली, यावरच विक्रेता वाद घालत बसतो.