चहा संपायच्या आत 'साफ' झालेले चार कॉम्प्युटर

जुने कॉम्प्युटर न्यायला आलेला माणूस 'डेटा साफ करून देतो' म्हणत वेगळे पैसे मागायला लागला, तर आधी घड्याळाकडे बघा.

आमच्या दाजींचं सांगलीत रिटर्न भरून देण्याचं छोटं ऑफिस आहे. तिथले चार जुने डेस्कटॉप काढायचे होते. व्यापाऱ्याने मशीनमागे दोनशे रुपये 'डेटा वाइप'चे लावले, डी ड्राइव्ह उघडून रिकामा दाखवला, शिक्का मारलेलं सर्टिफिकेट हातात ठेवलं आणि चहा संपायच्या आत चारही मशीन टेम्पोत चढवली.

त्यातलं एक गेलं इंजिनिअरिंगच्या एका मुलाकडे. त्याच्या हातून स्वतःचंच प्रोजेक्ट डिलीट झालं म्हणून त्याने रिकुव्हा हे डिलीट झालेल्या फायली परत आणणारं सॉफ्टवेअर चालवलं, तर त्यात दाजींच्या पक्षकारांची पॅन कार्डं, आधारच्या प्रती, फॉर्म १६, बँकेची स्टेटमेंट असं सगळं वर आलं. लेटरहेडवरचा नंबर बघून त्यानेच फोन केला. पोरगं सज्जन निघालं म्हणून कळलं तरी. उरलेली तीन कुठायत, असं व्यापाऱ्याला विचारलं तर म्हणतो, "माल पुढे गेला साहेब. फॉरमॅट मारलाय की, अजून काय पाहिजे?"

त्याने मारला होता क्विक फॉरमॅट. त्यात फायली कुठे आहेत याची नोंद तेवढी जाते, फायलींचा मजकूर डिस्कवर तसाच राहतो. खरं पुसायचं तर डिस्कभर नव्याने लिहावं लागतं, आणि १ टीबीच्या साध्या हार्ड डिस्कला त्यासाठी दोन-तीन तास सहज जातात. सर्टिफिकेटवर कितीही शिक्के मारले तरी हा वेळ कमी होत नाही. उलट, 'सात वेळा पुसतो, पस्तीस वेळा पुसतो' म्हणून जादा पैसे मागणाराही लुटतोच. आजच्या हार्ड डिस्कवर एकदा शून्यं लिहिली की पुरतं.

विंडोजमध्ये फॉरमॅट करताना 'क्विक'समोरची खूण काढा, म्हणजे त्या ड्राइव्हवर शून्यं लिहिली जातात. सी ड्राइव्हसाठी पीसी रीसेट करताना 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडून 'क्लीन डेटा' चालू करा. एसएसडीचं, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कचं, मात्र वेगळं आहे. तिथे वरून लिहिलेलं चिपमधल्या सगळ्या कप्प्यांपर्यंत पोचत नाही, म्हणून ती एसएसडी बनवणाऱ्या कंपनीच्या टूलमधलं सिक्युअर इरेज वापरायचं, आणि ते खरोखरच मिनिटाभरात होऊ शकतं. झाल्यावर ती डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून फोटोरेक हे रिकुव्हासारखंच सॉफ्टवेअर चालवा. ते फुकट आहे. तुमची एक जरी जुनी फाइल वर आली, तरी काम झालेलं नाही.

मोठ्यांचंही असंच होतं. मॉर्गन स्टॅनली या अमेरिकेतल्या बड्या बँकेने जुनी मशीन काढण्याचं काम सामान हलवणाऱ्या कंपनीला दिलं होतं. काही मशीन डेटासकट ऑनलाइन लिलावात विकली गेली आणि २०२२ मध्ये बँकेला साडेतीन कोटी डॉलर दंड बसला.

दाजींनी सायबर पोलिसांत तक्रार दिली आहे, बिलावर 'डेटा वाइप' लिहून घेतलं होतं ते जोडून. पक्षकारांना एकेक फोन करून आधारचं बायोमेट्रिक लॉक करायला सांगितलं. वर्षातून एकदा फुकट मिळणारा सिबिल रिपोर्ट काढून नावावर अनोळखी कर्ज दिसतंय का, तेही बघायला सांगितलं. नंतरची मशीन त्यांनी डिस्क काढून घेऊनच विकली. व्यापाऱ्याने भाव पाडला, पडेल त्या भावात दिली.