जागा अनलिमिटेड, फाइली मात्र मोजून! शेअर्ड होस्टिंग वर्षभर वापरल्यावर

आमच्या वाचनालयाची साइट शेअर्ड होस्टिंगवर आहे, म्हणजे एकाच भाड्याच्या सर्व्हरवर अनेकांच्या साइट. गेल्या महिन्यात तिच्यावर व्याख्यानमालेचे फोटो चढेनात. 'डिस्क कोटा एक्सीडेड' म्हणे. बघितलं तर जागा पावभरसुद्धा भरलेली नव्हती. सपोर्टला विचारलं, तर एरवी दोन-दोन दिवस गप्प बसणाऱ्यांचं उत्तर चहा होईपर्यंत हजर: वरचा प्लॅन घ्या. पैसे जवळजवळ दुप्पट. आमच्या वाचनालयाची वर्गणी किती, हे मागतात किती!

भानगड आयनोडची निघाली. सर्व्हरवरची प्रत्येक फाइल आणि प्रत्येक फोल्डर म्हणजे एक आयनोड. फाइल एका ओळीची असो की दोनशे एमबीची, मोजणीत एकच. सामान कितीही न्या, पण पिशव्या दोनच, असा हिशेब. जाहिरातीत 'अनलिमिटेड' ठळक, आणि ही मर्यादा अटींच्या पानावर पार तळाशी. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण तुमच्या प्लॅनच्या अटी आजच काढून वाचा. सीपॅनेलमध्ये (होस्टिंग सांभाळायच्या पानावर) बाजूच्या आकडेवारीत 'फाइल यूसेज' दिसत असेल तर तोच हा आकडा.

मग शोध सुरू. पहिला संशय वर्डप्रेसवर (साइट ज्यावर चालते ते सॉफ्टवेअर), आणि तो खराच. मोबाइलवरचा एक मोठा फोटो टाकला की मूळ फाइल, २५६० पिक्सेलची 'स्केल्ड' प्रत आणि १५० पासून २०४८ पर्यंतचे सहा आकार अशा आठ फाइली होतात. थीमचे, म्हणजे साइटच्या रूपाच्या साच्याचे, स्वतःचे आकार वेगळेच. मीडिया सेटिंगमध्ये शून्य टाकलं की तीन आकार थांबतात, तेही नव्या फोटोंपुरतेच. जुने हाताने उडवू नका, लेखांमधले फोटो गायब होतील.

पण खरा चोर दुसराच. ईमेल! सर्व्हरवर प्रत्येक मेल ही एक वेगळी फाइल असते. चौकशीसाठी काढलेला पत्ता कोणी उघडतच नव्हतं आणि त्यात लॉटरी, कर्ज, औषधं यांचा नुसता खच पडला होता. हे 'मेल' फोल्डर पब्लिक एचटीएमएलच्या (साइटच्या फाइली असतात त्या फोल्डरच्या) आत नसतं, शेजारी असतं. साइटच्या फोल्डरांत कितीही शोधा, सापडायचं नाही.

सीपॅनेलच्याच फाइल मॅनेजरमधून कॅशेचं (तात्पुरत्या प्रतींचं) जुनं फोल्डर उडवलं, तरी आकडा जागचा हलेना. डिलीट करताना 'स्किप द ट्रॅश' वर टिक नसेल तर सगळं डॉट-ट्रॅश नावाच्या लपलेल्या फोल्डरात जातं, आणि तेही मोजणीत धरतात. सेटिंग्जमध्ये 'शो हिडन फाइल्स' चालू केल्यावर ते दिसलं. डॉट-एचटीअ‍ॅक्सेस ही सर्व्हरच्या सेटिंगची फाइलही आता दिसते, तिला हात लावू नका. ट्रॅश रिकामं केलं, मेल साफ केले आणि आकडा धाडकन खाली आला. हे सपोर्टला एका ओळीत सांगता आलं नसतं का?

या फाइल मॅनेजरला मी आधी नावं ठेवायचो. आपल्या संगणकावरून एफटीपीने (फाइली सर्व्हरवर पाठवायच्या जुन्या पद्धतीने) फाइली चढवणारं फाइलझिलाच बरं, असं माझं ठाम मत होतं. आता नाही. थीमच्या हजारो चिल्लर फाइली एफटीपीने एकेक करून जातात, त्यात आमची वीज. झिप चढवायची, 'एक्स्ट्रॅक्ट' दाबायचं, काम फत्ते. (एफटीपीचा पहिला मसुदा १९७१ मध्ये आयआयटी कानपूरमधून गेलेल्या अभय भूषण यांनी एमआयटीत असताना लिहिला, म्हणून फार बोलवत नाही.) फक्त उघडून झालं की झिप तिथून काढा. नाहीतर ज्याला पत्ता कळेल तो अख्खी साइट उतरवून घेईल.

परमिशनचं, म्हणजे फाइल कोणी वाचायची नि कोणी बदलायची याचं, थोडक्यात: फोल्डर ७५५, फाइल ६४४. कोणी ७७७ (सगळ्यांना सगळी मुभा) करायला सांगितलं तर ऐकू नका.

पाचपैकी तीन तारे. त्यातले दोन एक्स्ट्रॅक्टच्या बटणाला. साइट सुरळीत चालतेय, प्लॅन जुनाच आहे, आणि माझं तिकीट त्यांनी 'ग्राहकाने अपग्रेड नाकारले' असा शेरा मारून बंद केलंय.