पट्टेरी पानांचा आयरिस: चौदा महिन्यांचा अनुभव आणि ती चिठ्ठी

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी मी घेतला होता त्याच ऑनलाइन नर्सरीतून आयरिस हे फुलझाड मागवलं आणि खोक्यात तीच चिठ्ठी निघाली: ‘कंद दोन ते तीन इंच खोल लावा. रोज पाणी द्या.’ म्हणून आज लिहायला बसले.

माझा आयरिस पॅलिडा, पिवळ्या पट्ट्याचा. मागच्याच्या मागच्या नोव्हेंबरात तीन गड्डे घेतले, कुरिअर धरून 1,350 रुपये. एवढे पैसे मी झाडाला कधी घालत नाही. पण याच्या फुलाला द्राक्षाचा वास येतो असं वाचलं, आणि नाशकात राहून तो मोह आवरला नाही.

चिठ्ठीत लिहिलं तसंच केलं. दोन गड्डे अंगणातल्या काळ्या मातीत, एक सज्जाखालच्या कुंडीत. हिवाळाभर तिन्ही छान वाढले. एप्रिल-मेच्या उन्हात पानांचा पिवळा भाग कडेने करपून कागदासारखा झाला, हिरव्याला काही झालं नाही. दुपारी अकरानंतर सावली दिल्यावर नवी पानं नीट आली. ही तक्रार मी धरत नाही, आपलं ऊनच तसं आहे.

खरा घात जुलैत झाला. अंगणातले पानांचे दोन्ही पंखे (याची पानं पंख्यासारखी पसरतात) एका सकाळी आडवे. पान धरलं तर बुडातून अलगद निघून हातात आलं. माती उकरून गड्ड्याला बोट लावलं तर बोट आत गेलं. आत पिवळट लगदा, आणि सडक्या बटाट्याचा वास, हात दोनदा धुतले तरी जाईना.

नर्सरीला फोन केला. ‘मॅडम, पाणी जास्त झालं असेल. आणि तक्रार सात दिवसांत करायची असते.’ अहो, नोव्हेंबरात लावलेला गड्डा पावसात सडणार हे सात दिवसांत कसं कळावं? रोज पाणी द्या असं तुमच्याच चिठ्ठीत लिहिलंय! फोटो पाठवले, पुढे उत्तर नाही. त्या दिवशी मी एक तारा द्यायचं ठरवलं होतं आणि झाडालाही नावं ठेवली होती.

झाडाचं चुकत नव्हतं. हा मूळचा क्रोएशियाच्या दाल्मेशियन किनाऱ्यावरचा, खडकाळ उतारावर वाढणारा. तिकडे उन्हाळा कोरडा आणि पाऊस थंडीत. आपल्याकडे नेमकं उलटं: ऊब आणि पाऊस चार महिने एकत्र, त्यात पाणी धरून ठेवणारी काळी माती. गड्ड्याची पाठ उघडी हवी, अर्धा मातीत अर्धा उन्हात. आलं-हळदीसारखा गाडायचाच नाही. इटलीत याच जातीचे गड्डे वाळवून वर्षानुवर्षे ठेवतात आणि अत्तरासाठी वापरतात. थोडक्यात, कोरडेपणा याला मानवतो, ओल नाही.

कुंडीतला का वाचला? पाइपच्या धारेने वरची माती वाहून गेली होती आणि पाठ आपोआप उघडी पडली होती. थोडं श्रेय सज्जाला. त्यालाही एका टोकाला मऊ डाग होता. चाकू गॅसवर तापवून तेवढा भाग कापला, पिंपळगावच्या भावाने बागेतली बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) दिली ती लावली, दोन दिवस वाळू दिला. मग अर्धी जाड वाळू-मुरूम, बाकी माती आणि मूठभर शेणखत, बस्स.

ऑक्टोबरपासून माझं मत बदलत गेलं. कुंडीतल्या गड्ड्याच्या बाजूने तीन कोंब आले. एक पूर्ण हिरवा होता, तो मुळापासून काढला. हिरव्यात अन्न जास्त तयार होतं, तो जोमाने वाढून पट्टेवाल्याला दाबतो. सगळा फिका कोंब आला तर तोही टिकत नाही. हे पट्टे बियांतून उतरत नाहीत, म्हणून नवी रोपं गड्डा फोडूनच करायची.

सध्या थंडीत सकाळी सातला पान बघावं. एका बाजूला राखट हिरवं, दुसऱ्या बाजूला सायीसारखं पिवळं, मधली रेघ पट्टीने ओढल्यासारखी, आणि दव फक्त टोकाला. फूल चौदा महिन्यांत आलं नाही. द्राक्षाचा वास मला अजून मिळालेला नाही आणि त्याची हळहळ आहे. फुलासाठी घेत असाल तर नाशकात घेऊ नका. पानांसाठी घेत असाल तर जरूर घ्या. 1,350 रुपयांत आज माझ्याकडे तीन पंखे आहेत, म्हणजे पंख्याला 450, आणि पुढच्या वर्षी हा आकडा खाली येईल.

झाडाला चार तारे. नर्सरीला एक, तोही पॅकिंगसाठी. चिठ्ठीला शून्य.

काकूंचे गड्डे त्याच संध्याकाळी आम्ही दोघींनी उकरले, खाली मुरूम घातला आणि पाठ वर ठेवून पुन्हा बसवले. चिठ्ठी काकूंनी फाडून टाकली.