गुलाब हवा, पण डोकं उठवणारा नको

गुलाबाचा परफ्यूम म्हटलं की मला तो जड, गोडमिट्ट वासच आठवायचा, आणि त्याला कारणही तसंच आहे. एकदा सकाळी घाईत असलाच एक चार-पाच स्प्रे मारून मीटिंगला गेले, दहा मिनिटांत शेजारच्या बाईंनी गुपचूप खुर्ची लांब सरकवली. बाटलीचं नाव नाही घेत. तेव्हापासून वसंतात रोज लावता येईल असा ताजा गुलाब शोधतेय.

दिप्तिक ब्रँडचं लोंब्र दां लो हे परफ्यूम १९८३ पासून आहे, गुलाब आणि ब्लॅककरंट या आंबटगोड बेरीच्या झुडपाची पानं. सुरुवातीला फूल जाणवतच नाही हो, पान चुरगळून बोटं हुंगावीत तसा हिरवा, तुरट, किंचित आंबूस वास. मला आधी अजिबात आवडलं नव्हतं, टोमॅटोच्या रोपाला हात लागल्यासारखं वाटलं, पण अर्ध्या तासाने मागून ओला गुलाब असा काही वर आला की दिवसभर मनगट नाकाशीच. यांचंच ओ रोज घेतलंत तर लिचीमुळे जास्त गोडसर आणि लाजरं, छान आहे, पण एवढी मजा नाही.

क्लोए ब्रँडचं ओ द पार्फ्यूम. पिओनी आणि फ्रीझिया ही फुलं, लिची आणि गुलाब, एकूण इफेक्ट नुकत्याच धुऊन वाळलेल्या शर्टाचा. ऑफिसला डोळे झाकून लावा, एकच स्प्रे पण.

जो मलोन ब्रँडच्या रेड रोझेसमध्ये लिंबू आणि व्हायोलेटची पानं आहेत, तिघांत सगळ्यात सरळसाधा गुलाब हाच. कोलोन म्हणजे सौम्य, लवकर उडणारा प्रकार आहे, त्यामुळे दुपारी परत मारायची तयारी ठेवायची.

आणि प्लीज, नुसत्या कागदाच्या पट्टीवर हुंगून घेऊ नका. गुलाबातला पाणीदार हलकेपणा फेनिल इथाइल अल्कोहोल या सुगंधी रसायनाचा आणि शिजलेल्या फळासारखा जडपणा डमास्कोन या दुसऱ्या रसायनाचा, यातलं कोण वरचढ ठरतं ते त्वचेवर तासाभराने कळतं. लिंबूबिंबू तर पहिल्या वीसेक मिनिटांत उडून जातं आणि आपण नेमके त्यालाच भुलून पैसे देतो.

मी लोंब्र घेतलं. मीटिंग असेल त्या दिवशी क्लोए, तेही बहिणीचं ढापलेलं.