पीएचक्यू-९: नशा चालू असताना या कागदावर किती विश्वास ठेवायचा?

नैराश्य तपासायची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली फुकट आहे, एका पानावर मावते आणि भरायला पाच मिनिटं पुरतात. स्पिट्झर, विल्यम्स आणि क्रोन्के या मंडळींनी ती तयार केली आणि २००१ मध्ये तिची पडताळणी प्रसिद्ध झाली. आता व्यसनमुक्तीच्या कामातही ती सर्रास वापरतात. कागद चांगला आहे, पण तो बेतलाय साध्या दवाखान्यात येणाऱ्या रुग्णावर. पिणाऱ्या माणसावर वापरला की एक उणीव लगेच दिसते: शेवटचं कधी प्यायलात, हे तो विचारतच नाही.

गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. ‘अजिबात नाही’ला शून्य, ‘जवळजवळ रोज’ला तीन. ५, १०, १५ आणि २० या तीव्रतेच्या पायऱ्या, आणि १० किंवा जास्त गुण आले की नीट तपासणी करायची असा प्रघात. इथवर ठीक.

आता प्रश्न जवळून बघा. तिसरा झोपेचा, चौथा थकव्याचा, पाचवा भुकेचा, सातवा लक्ष लागण्याचा, आठवा मंदावलेल्या हालचालींचा किंवा जिवाच्या तगमगीचा. रोज पिणाऱ्याला अंथरुणाला पाठ टेकताच झोप लागते आणि पहाटे तीनला टक्क जाग येते. सकाळी अन्न नको वाटतं, दिवसभर अंगात त्राण नसतं, दारू सुटताना हात कापतात आणि एका जागी बसवत नाही. या पाच प्रश्नांचेच १५ गुण होतात. म्हणजे मन मुळीच उदास नसलेला माणूसही नुसत्या दारूच्या जोरावर ‘बऱ्यापैकी तीव्र नैराश्या’च्या रकान्यात जाऊन बसू शकतो. आणि एकदा नैराश्याची गोळी सुरू झाली की ती खरंच लागत होती का, हे नंतर कोणाला सांगता येत नाही.

म्हणून बेरजेआधी पहिले दोन प्रश्न वाचायचे: कशातच रस न वाटणं आणि उदास वाटणं. निदानाच्या नियमानुसार या दोनपैकी किमान एक लक्षण निम्म्याहून जास्त दिवस असावं लागतं. दोन्हींना शून्य आणि बेरीज १४ असेल, तर तो कागद नैराश्यापेक्षा दारूबद्दलच जास्त बोलतोय.

कागदाच्या कोपऱ्यात पेनने एक ओळ घालावी: शेवटचं सेवन कशाचं, किती आणि किती दिवसांपूर्वी. माणूस नशेत असताना कागद भरून घेऊ नये. पहिला कागद नशा उतरल्यावर, दुसरा दोन आठवड्यांनी, तिसरा चार आठवड्यांनी. १८, १०, ५ असे गुण उतरत गेले तर नैराश्य बहुतांशी दारूचंच होतं. १८, १७, १६ असे अडून बसले तर दारू बाजूला सारूनही काहीतरी उरलंय आणि त्याचे उपचार वेगळे करायला हवेत. दारू बंद होऊन साधारण महिना उलटूनही लक्षणं टिकली तर स्वतंत्र आजाराचा विचार करायचा, हा डीएसएम-५ चा, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तकाचा, ठोकताळाही याच धर्तीवर आहे.

मात्र महिनाभर वाट बघा, असा याचा सरसकट अर्थ काढू नये. पिणं सुरू होण्याआधी किंवा मधल्या लांब कोरड्या काळात नैराश्य येऊन गेलं असेल, तर उपचार लगेच सुरू होऊ शकतात. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांना, शून्याखेरीज कोणतंही उत्तर आलं तर बेरीज सोडून आधी त्याच विषयावर बोलायचं, त्याच दिवशी. पिऊन आले होते म्हणून तसं लिहिलं असेल, ही सबब इथे चालत नाही. प्यायल्यावर हात आवरत नाही, तेव्हा धोका उलट वाढलेला असतो.

आणखी एक चूक घरोघरी होते: गुण खरे यावेत म्हणून दारू एका झटक्यात बंद करणं. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याला बंद केल्यावर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम, भास, ताप असा जिवावर बेतणारा प्रकार होऊ शकतो. झोपेच्या किंवा चिंतेच्या बेंझोडायझेपिन गोळ्यांचंही तसंच. आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू सोडवायची, कागद नंतर.

पीएचक्यू-९ ला जे दिसतच नाही, त्याची यादी मोठी आहे. सगळ्यात महाग पडतं ते उन्मादाचे झटके सुटून जाणं. द्विध्रुवी आजार (मन कधी नैराश्यात, कधी उन्मादात जाणं) असलेल्याला नुसती नैराश्याची गोळी दिली तर गाडी उलट्या टोकाला, उन्मादात जाऊ शकते. त्यासाठी एमडीक्यू या उन्माद हुडकणाऱ्या प्रश्नावलीचे १३ हो-नाही प्रश्न जोडीला लागतात, पण कोकेन किंवा अॅम्फेटामिनच्या भरात तीच लक्षणं दिसतात, म्हणून प्रत्येक ‘हो’ला ‘हे नशेविना कधी झालं होतं का?’ असं विचारावं. चिंतेसाठी जीएडी-७ ही प्रश्नावली आहे. दारू सुटताना तिचेही गुण फुगतात. आघातानंतरच्या ताणाला पाच प्रश्नांची पीसी-पीटीएसडी-५ आहे. गांजानंतर आवाज ऐकू येणं, कोणीतरी पाळत ठेवतंय असं वाटणं, यातलं काहीच या कागदांवर येत नाही. तिथे थेट मानसोपचारतज्ज्ञच लागतो.

नशेच्या बाजूनं जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट ही प्रश्नावली सोबत ठेवावी: १० प्रश्न, ४० गुण, ८ पासून पुढे धोका. ती फक्त दारूबद्दल विचारते. तंबाखू, गांजा, गोळ्या असं सगळं एकत्र असेल तर त्याच संघटनेची असिस्ट ही प्रश्नावली जास्त कामाची.

पीएचक्यू-९ ला आमच्याकडून पाचपैकी साडेतीन. कोपऱ्यातली ती एक ओळ छापील असती तर चार दिले असते. घरच्यांनी स्वतः कागद भरून गुण काढले तरी हरकत नाही, फक्त निदान म्हणून ते माणसाच्या अंगावर फेकू नयेत. तिन्ही कागद तारखांसकट डॉक्टरांसमोर ठेवावेत.